हरलेलीची खुर्ची

सुगावाराने पॅड पुढे केलं तेव्हा यासुए अजून गळ्यातल्या टॉवेलने मान पुसत होती. पॅडला दोरीने बांधलेली पेन्सिल, चिमट्याखाली चौकटी आखलेला कागद, आणि त्यावर एक नवं कोरं शटल.

"हे कशाला?" तिने विचारलं.

"पुढच्या सामन्याला." सुगावारा नगरपालिकेच्या क्रीडा विभागातला. सकाळपासून एका हातात कर्णा आणि दुसऱ्या हातात वेळापत्रक घेऊन तो सहा कोर्टांमधून पळत होता. "तुम्ही हरलात ना आत्ता? मग पुढच्या सामन्याला पंच तुम्ही. चार नंबरचं कोर्ट. नेहमीचंच."

"पण मला हे लिहिता..."

"नावं वर लिहिलेली आहेत. गुण तेवढे भरायचे," असं म्हणेपर्यंत तो पाच नंबरच्या कोर्टावर पोचलासुद्धा.

नेहमीचंच, हे खरं. सामना हरला की डोळे पुसायचे आणि त्याच कोर्टाशेजारच्या उंच खुर्चीवर चढून पुढच्या दोघींचे गुण ओरडायचे. शाळांच्या स्पर्धा असोत की गावच्या, रीत हीच. हातात कधीतरी रॅकेट धरलेल्या प्रत्येक माणसाने त्या खुर्चीवर बसून नाक ओढलेलं असतं. यासुए इतागाकि मात्र बासष्ट वर्षांची होईपर्यंत त्या खुर्चीवर चढली नव्हती. शाळेत पहिली दोन वर्षं तिला संघात उभंच केलं नाही. शटलं गोळा करायची आणि घसा फुटेपर्यंत ओरडून इतरांना हुरूप द्यायचा, एवढंच काम. तिसऱ्या वर्षी उभी राहिली ती थेट जिल्ह्याच्या अंतिम सामन्यापर्यंत हरली नाही, आणि अंतिम सामना हरलेलीला पुढे सामनाच नसतो. त्यानंतर एका सूतगिरणीच्या संघात बारा वर्षं गेली. तिथे कोट घातलेले, शिट्टीसारख्या आवाजाचे अधिकृत पंच असत. देशाचं एकेरीचं विजेतेपद तिने दोनदा मिळवलं होतं, आणि साधा गुणांचा कागद कसा भरायचा ते तिला येत नव्हतं.

हे कुणाला सांगायची सोय नव्हती. सकाता गावात ती इतागाकि मास्तरांची बायको म्हणून आली आणि दोन वर्षांपूर्वी ते गेल्यावरही तेवढीच राहिली. मंगळवारच्या बायकांच्या मंडळात किनुयो तिला ओढून घेऊन गेली, तेव्हा "शाळेत असताना थोडं खेळले होते," यापलीकडे ती काही बोलली नव्हती. मंडळात ती शटल अगदी हळू, समोरचीला सोपं जाईल असं टाकायची. आज मात्र हळू टाकायची गरजच पडली नाही. तांदळाच्या पापड्यांचं दुकान चालवणाऱ्या अडुसष्ट वर्षांच्या बाईने तिला सरळ सरळ एकवीस-सतरा हरवलं. गुडघा वळला नाही, आणि दोनदा तर आपली सर्व्हिस गेली म्हणजे फक्त सर्व्हिसच गेली, अशा जुन्या हिशेबात ती गाफील राहिली. आता प्रत्येक चुकीला गुण जातो, हे तिच्या डोक्याला ठाऊक होतं, पायांना नव्हतं.

"इतागाकि-सान, हरलात ते छान झालं!" भिंतीकडेच्या चटईवरून किनुयो ओरडली. "ओनिगिरी खायला या! आलुबुखारा भरलेले भाताचे गोळे संपायला आले!"

"मला पंच केलंय," यासुएने पॅड उंच करून दाखवलं.

"अरे देवा. मग मी एक लपवून ठेवते."

यासुए खुर्चीच्या पायरीवर टेकली आणि कागद पाहू लागली. डावीकडे दोन नावं: हात्सुमि तोगाशि, आणि खाली निवा असं काहीतरी. पुढे घरंच घरं, मुंगीएवढी. दोन ओळी एका नावाला, दोन दुसऱ्या नावाला. कुठला आकडा कुठे जातो याचा काही पत्ता लागेना. बाहेर नोव्हेंबरचा समुद्रावरचा वारा होता. शटल हलू नये म्हणून सगळे पडदे ओढलेले, त्यामुळे सभागृहात सांधेदुखीच्या मलमाचा वास कोंडून राहिला होता. कर्ण्यातून सुगावाराचा आवाज आला: "अग्निशमन केंद्राच्या दारात पांढरी गाडी लावणाऱ्यांनी ती ताबडतोब हलवावी. ताबडतोब. बंब बाहेर काढायचा आहे."

"ती निवा-सानची," शेजारून कुणीतरी म्हणालं. "माझीच प्रतिस्पर्धी. गेली पळत. आता दहा मिनिटं तरी यायची नाही."

बाई बुटकी, गोल चेहऱ्याची, कापलेले पांढरे केस कानामागे दाबून बसवलेले. तिने यासुएच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं आणि न विचारता शेजारी बसली.

"द्या इकडे. पेन्सिल अशी धरलीय जशी काही गरम आहे."

"मी कधी केलं नाही हे."

"कसं करणार?" बाई म्हणाली. तिने पहिल्या घरात दोन्हीकडे शून्य लिहिलं. "हे बघा. जिला गुण मिळाला तिच्या ओळीत, पुढच्या घरात. मागे जायचं नाही. एका घरात एकच आकडा. सर्व्हिस हिची असेल तर वरची ओळ, तिची असेल तर... जाऊ द्या, गावच्या स्पर्धेत एवढं कोणी बघत नाही. एकवीस झाले की गोल करायचा आणि जिंकलेलीची इथे सही घ्यायची. मग पॅड हरलेलीच्या हातात. झालं."

"तुम्हाला चांगलं येतं."

"मी आयुष्यभर दुसऱ्या फेरीत हरलेय. पाचशे तरी कागद भरले असतील." ती मोकळं हसली. मग हसू तसंच ठेवून म्हणाली, "तुम्हाला येत नाही यात नवल नाही, कानामोरि-सान."

यासुएने चटकन चटईकडे पाहिलं. किनुयो बरणीतल्या मुळ्याच्या लोणच्यावरून कुणाशी तरी हुज्जत घालत होती. लग्नाआधीचं हे नाव तीस वर्षांत या गावात कुणी उच्चारलं नव्हतं.

"वेळापत्रकात इतागाकि लिहिलंय, म्हणून मी सकाळपासून विचारात होते," हात्सुमि म्हणाली. "पण सर्व्हिस घेताना डावी टाच उचलून दोनदा टेकवायची, ती खोड कुठे जाणार? तुमच्याबरोबर म्हातारी झालीय तीपण."

"आपण कुठे भेटलोय का?"

"भेटलो असं नाही म्हणता येणार. खुर्चीवरच्या मुलीकडे कोण बघतं?" तिने पेन्सिल कानामागे खोवली. "त्सुरुओकाचं जुनं व्यायामगृह. शेवटचं वर्ष, जून महिना. ओयामाबरोबर तुमचा सामना. खुर्चीवर मी होते."

यासुएने टॉवेल उगाच घडी घालून मांडीवर ठेवला.

तो सामना ती विसरली होती असं नाही. बाकी सगळे सामने विसरून गेली होती, अगदी विजेतेपदाचेही. तोच एक लख्ख राहिला होता. तिसरा डाव, तेव्हाचा अकरा गुणांचा; दहा-नऊ, सर्व्हिस तिची, एक गुण हवा. वर सज्जात सूतगिरणीचे प्रशिक्षक बसलेले. ते ओयामासाठी आले होते, सगळ्या जिल्ह्याला माहीत होतं. ओयामाने शटल उंच, मागच्या रेषेकडे टाकलं. यासुए मागे धावली, रॅकेट उचलली आणि शेवटच्या क्षणी सोडून दिलं. शटल तिच्या पायाशी पडलं. बूच रेषेवर, म्हणजे आत. तिने ते पाहिलं, अगदी स्वच्छ पाहिलं. त्या फेरीपर्यंत रेषांवर बसायला मुली नसत, खुर्चीवरच्या मुलीनेच सगळं बघायचं. खुर्चीवरून आवाज आला, "बाहेर!" पलीकडून ओयामाला काही दिसणं शक्य नव्हतं. तिने मुकाट्याने जाळीपाशी येऊन हात पुढे केला. आणि यासुएने तो हातात घेतला. मूग गिळून, मान लववून. संध्याकाळी जिन्यावर प्रशिक्षकांनी तिला नाव विचारलं.

"ओयामा माझ्याच शाळेची," हात्सुमि सांगत होती. "तीन वर्षं सर मला तिच्यासमोर उभं करायचे. मी शटल टाकायचं, तिने मारायचं. रोज दोनशे. आणि त्या दिवशी मी माझा सामना हरले, नाक पुसलं, तर पुढचा सामना हिचाच. सर येऊन म्हणाले, आपल्या शाळेच्या मुलीकडे झुकलीस असं कुणी म्हणता कामा नये. आणि खुर्चीवर रडायचं नाही. रडलीस तर शाळेची अब्रू जाईल."

"मग?"

"मग काय, रडले. डोळे पाण्याने भरलेले. त्या शेवटच्या शटलचं मला काही म्हणजे काही दिसलं नाही. तेव्हा म्हणायला हवं होतं, दिसलं नाही, पुन्हा खेळा. नियमच आहे तसा. पण ते म्हणायचं म्हणजे रडत होते हे कबूल करायचं. तोंडातून निघून गेलं, बाहेर."

यासुएने टॉवेलची घडी उलगडली आणि पुन्हा घातली.

"आता वेडेपणा ऐका माझा," हात्सुमिने आवाज जरा खाली आणला. "तुम्ही गिरणीत गेलात. वर्तमानपत्रात खेळाच्या पानावर मी आधी तुमचं नाव शोधायची, मग बाकीचं. तुम्ही जिंकलात की जीव भांड्यात पडायचा. म्हणायचे, बघा, एवढी मोठी खेळाडू, ती ओयामाला हरवणारच होती, माझ्या एका शब्दाने काय होतंय. आणि तुम्ही हरलात की दोन दिवस जेवण जायचं नाही. नवरा विचारायचा, ही कोण तुझी मावसबहीण आहे का? त्याला काय सांगू? ज्या वर्षी पहिल्यांदा विजेतेपद मिळवलंत, त्या दिवशी मी घरात सणासारखा तांबडा भात शिजवला. सासूला वाटलं, मला दिवस गेले."

यासुएला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांच्या कडा चुरचुरल्या. बारा वर्षांत तिच्यासाठी तांबडा भात कुणी शिजवला असेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं. सकाळी गिरणीच्या कार्यालयात टपाल लावायचं, बारा वाजले की सरावाला जायचं, रात्री वसतिगृहात गुडघ्यावर बर्फ. विजेतेपदाच्या दुसऱ्या दिवशीही टपाल लावलंच. आणि तिसाव्या वर्षी उपाहारगृहात व्यवस्थापकांनी "बरीच वर्षं कष्ट घेतलेत," एवढं म्हणून कमरेत वाकून नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर तिच्या बुटांच्या कप्प्यात एका नव्या मुलीचे बूट होते.

"आणि मग ते केसांचं प्रकरण," हात्सुमि म्हणाली.

ते प्रकरण त्या काळी खेळ बघणाऱ्या सगळ्यांनाच आठवतं. राष्ट्रीय संघाच्या निवडीचा सामना, शेवटचा डाव. शटल बाहेर गेलं, पंचांनी गुण यासुएला दिला, आणि यासुएने हात वर केला. माझ्या केसाला लागून गेलं, म्हणाली. कुणाला दिसलं नव्हतं. गुण गेला, सामना गेला, संघातली जागा गेली. वर्तमानपत्रांनी तिला 'हात वर करणारी कानामोरि' असं नाव दिलं आणि ते शेवटपर्यंत चिकटलं. नंतर ती एवढ्या-तेवढ्याला हात वर करायची. रॅकेटच्या कडेला लागलं, पाय इंचभर सरकला, की हात वर. लोक टाळ्या वाजवायचे. प्रत्येक टाळी तिला तोंडात मारल्यासारखी लागायची. फेडत होती ती, आणि फिटत काही नव्हतं.

"ते वाचलं आणि मी ठरवून टाकलं," हात्सुमि म्हणाली. "जी बाई केसाला लागलेलं शटल सांगते, ती त्या दिवशी गप्प बसलीच नसती. शटल तुमच्या पायाशी पडलं होतं. आत असतं तर तुम्ही हात वर केला असता. म्हणजे ते बाहेरच होतं. मी न बघता खरं बोलले. नशीब माझं." तिने पेन्सिल कानामागून काढली आणि यासुएच्या हातात दिली. "तुमच्या तोंडून एकदा ऐकलं की झालं. बाहेर होतं ना?"

किती साधं होतं. 'हो' म्हटलं की या बाईची चव्वेचाळीस वर्षांची टोचणी संपत होती. 'नाही' म्हटलं तर उरलेलं आयुष्यही ती तीच टोचणी घेऊन बसणार होती. आणि शिवाय कानामोरि या नावात जे काही चांगलं उरलं होतं, ते या मलमाच्या वासाच्या सभागृहात, एका पायरीवर संपणार होतं.

"ओयामा-सान..." यासुएने विचारलं. "त्या कुठे असतात?"

"ती? त्सुरुओकात मिठाईचं दुकान आहे तिचं. ही एवढी झालीय. मागे मी धीर करून विषय काढला, तर म्हणते, कुठला सामना? गिरणीत गेले असते तर पळून पळून मेले असते, म्हणते." हात्सुमि पुन्हा हसली. "तिचं काही नाही. प्रश्न आपल्या दोघींचाच."

तेवढ्यात निवा-सान धापा टाकत आली. उंच, हडकुळी, गाडीची किल्ली अजून हातात. "माफ करा, माफ करा! तो बंबवाला पोरगा तर मला कायदा शिकवायला लागला. माझ्याच हाताने त्याला लहानपणी इंजेक्शनं दिलीत मी!"

हात्सुमि उठली. उत्तर तसंच अधांतरी राहिलं.

यासुए खुर्चीवर चढली. चार पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीला गुडघा कुरकुरला. वरून कोर्ट वेगळंच दिसत होतं, लहान आणि उघडं. कोर्टावरच्या माणसाला लपायला जागाच नव्हती. तिला वाटायचं, त्या खुर्चीवर कुणी असतं ते नुसतं बसवलेलं, त्याला फारसं दिसत नसतं. आता कळलं की तिथून समोरच्याची टाचसुद्धा दिसते.

"शून्य-शून्य," ती म्हणाली. आवाज फुटला नाही. खाकरून पुन्हा म्हणाली, "शून्य-शून्य. खेळा."

खेळ संथ होता. निवा-सानचा हात लांब, हात्सुमिचे पाय छोटे पण हलते. यासुए आकडे भरत गेली. दोन-एक, चार-तीन, सात-सात. दोनदा चुकीच्या ओळीत लिहिलं, तर हात्सुमिने खालूनच बोटाने दाखवलं, "वरच्या ओळीत, वरच्या!" चटईवरून मंडळातल्या बायका खिदळल्या. "आमच्या इतागाकि-सानना चष्मा द्या कुणीतरी!" किनुयो ओरडली.

चौदा-बारा झाले, हात्सुमि पुढे होती. निवा-सानने शटल उंच मागे टाकलं. हात्सुमि मागे मागे गेली, रॅकेट उचलली, आणि सोडून दिलं.

यासुएची नजर तिच्या पायांवर होती. बुटके, जाड मोज्यांतले पाय मागच्या रेषेशी थांबलेले. ते पाय तिला दिसले आणि त्यांच्या जागी दुसरे पाय दिसले, अठरा वर्षांचे, तिचे. शटल पडल्याचा टक् आवाज आला. ते कुठे पडलं ते तिने पाहिलंच नाही.

दोघी खुर्चीकडे बघत होत्या. निवा-सानने भुवया उंचावल्या. चटईवरचं खिदळणं थांबलं. आता काहीतरी म्हणायला हवं होतं, आणि 'बाहेर' हा शब्द जिभेवर अगदी तयार होता. किती सहज येतो, हे तिला कळलं.

"मला दिसलं नाही," यासुए म्हणाली. "पुन्हा खेळा."

"दिसलं नाही?" निवा-सान म्हणाली. "एवढ्या उंचावर बसून?"

"पुन्हा कशाला?" हात्सुमि वाकली, शटल उचललं आणि रॅकेटवर झेलत म्हणाली, "आत होतं की. माझ्या पायाशीच तर पडलं. द्या गुण तिला."

एवढं म्हणून तिने शटल जाळीवरून पलीकडे टोलवलं आणि जागेवर जाऊन उभी राहिली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. किनुयो पुन्हा लोणच्याकडे वळली. यासुएने चौदाच्या समोर तेरा लिहिले. पेन्सिलीचं टोक कागदात रुतलं. आत होतं की. एवढंच वाक्य. भाजीवाल्याला सुटे परत करताना म्हणावं तितकं हलकं. ते उचलायला तिला चव्वेचाळीस वर्षं पुरली नव्हती, आणि इतर हजार वेळा हात वर करून तिने त्या एका वेळेची भरपाई करायला पाहिली होती.

सामना निवा-सानने एकवीस-अठरा जिंकला. दोघींनी जाळीवरून हात मिळवले, मग खुर्चीपाशी येऊन यासुएलाही वाकून नमस्कार केला. निवा-सानने सही केली आणि लगेच कुणाला तरी बंबवाल्या पोराची गोष्ट सांगायला निघून गेली.

यासुए एक एक पायरी खाली उतरली. पॅड हरलेलीच्या हातात द्यायचं. तिने ते पुढे केलं, हात्सुमिने धरलं, पण यासुएने सोडलं नाही. दोघींचे चार हात त्या पॅडवर राहिले.

"तोगाशि-सान. ते आत होतं."

हात्सुमिने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"रेषेवर होतं. मला दिसलं होतं. तुमची चूक झाली, आणि ती चूक आहे हे फक्त मला माहीत होतं, आणि मी गप्प बसले. ओयामाचा हात हातात घेतला. गिरणी, विजेतेपदं, सगळं त्याच्या नंतरचं." ती थांबली नाही. "तुम्ही रडत होतात. तुमचा काय दोष? दोष माझा. मला माफ करा."

ती कमरेतून वाकली, गुडघा दुखेपर्यंत. डोळ्यांसमोर हात्सुमिचे जाड मोज्यांतले पाय होते. ते जराही हलले नाहीत.

यासुए सरळ झाली तेव्हा हात्सुमिने पॅड घेतलं होतं आणि भरलेला कागद चिमट्यातून काढून मागे घातला होता. नवा कोरा कागद वर आला. तिने तो तळहाताने दोनदा सपाट केला.

"रेषेवर कुठलं," ती कागदाकडेच बघत म्हणाली. "चांगलं चार बोटं आत होतं."

मग तिने पेन्सिल कानामागे खोवली आणि खुर्चीच्या पायऱ्या चढू लागली. सवयीच्या पायांनी, कठड्याला हात न लावता.

यासुए खाली उभी राहिली. म्हणजे हात्सुमिलाही तेव्हा दिसलं होतं. चार बोटंच होती. आत्ता, कुणीतरी म्हटल्यावर, ती तिला स्वच्छ दिसली: बूच, आणि बूच ते रेषा यांच्यामधली चार बोटं पिवळी लाकडी जमीन. रेषेपर्यंत ते शटल तिनेच, वर्षामागून वर्ष, सरकवत आणलं होतं.

"इतागाकि-सान! शेवटची आलुबुखाराची!" किनुयोने ओनिगिरी उंच धरली होती. "आता तरी या!"

"खा तुम्ही," यासुए म्हणाली.

पुढच्या दोघी कोर्टावर येऊन उभ्या राहिल्या होत्या. यासुए कोर्टाला वळसा घालून मागच्या बाजूला गेली. मागच्या रेषेच्या टोकाशी, जिथे मोठ्या सामन्यांत रेषेचे पंच बसतात, तिथे टॉवेल अंथरून, गुडघा धरत, ती हळूहळू जमिनीवर बसली. खुर्चीवरून हात्सुमिने एकदा तिकडे पाहिलं.

"शून्य-शून्य," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "खेळा."